लॅपटॉपवर पास, सीआयवर अधूनमधून फेल: असिंक नेटवर्किंग प्रोजेक्टमधली लहरी टेस्ट कशी सोडवायची

एखाद्या असिंक (एकाच वेळी अनेक कामांची वाट पाहू शकणाऱ्या) नेटवर्किंग लायब्ररीत तुम्ही चार ओळींचा बदल करता. लॅपटॉपवर सगळ्या टेस्ट हिरव्या असतात. पुल रिक्वेस्ट (बदल स्वीकारण्याची विनंती) टाकता, सीआय (प्रत्येक बदलावर टेस्ट आपोआप चालवणारी यंत्रणा) चालतं, आणि तुमच्या बदलाशी काडीचाही संबंध नसलेली एक टेस्ट लाल होते. 'रीरन' दाबलं की हिरवी. मेंटेनर (प्रोजेक्ट सांभाळणारा) म्हणतो, ती अशीच आहे, सोडून द्या. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या कुणाच्या तरी पुल रिक्वेस्टवर तीच टेस्ट पुन्हा लाल.

यावर सहसा दोनच तोडगे निघतात. एक तर टेस्टवर 'फेल झाली तर आणखी तीनदा चालव' असा शिक्का मारतात, नाहीतर मध्ये कुठेतरी अर्ध्या सेकंदाचा स्लीप घालतात. दोन्हींनी लाल रंग जातो, दोष जिथल्या तिथे राहतो. नेटवर्कच्या कोडमध्ये लहरी टेस्ट क्वचितच नशिबाचा खेळ असते. टेस्टने किंवा लायब्ररीने घटनांचा एक क्रम मनाशी धरलेला असतो आणि तो क्रम पाळायची जबाबदारी कोडमध्ये कुणावरच टाकलेली नसते. लॅपटॉपवर बरेच कोर मोकळे असतात, म्हणून तो क्रम आपसूक जुळून येतो. सीआयच्या मोजक्या कोरच्या, इतरांबरोबर वाटून घेतलेल्या मशीनवर तो कधीतरी मोडतो. वापरकर्त्याच्या सर्व्हरवर लोड चढला की तिथेही तो तसाच मोडतो, फक्त तिथे 'रीरन'चं बटण नसतं. म्हणून अशी टेस्ट म्हणजे कुणीतरी फुकट लिहून दिलेला बग रिपोर्ट आहे असं मी मानतो.

ओपन सोर्समध्ये नव्याने हातभार लावू पाहणाऱ्यांनाही मी हेच काम सुचवतो. नवं फीचर आणायचं तर आधी मेंटेनरांची दिशा समजून घ्यावी लागते, चर्चा लांबते. लहरी टेस्ट सगळ्यांनाच नकोशी असते, त्यामुळे तिची खरी दुरुस्ती आणणाऱ्याचं स्वागत होतं. आणि ती करता करता इव्हेंट लूप (कामं आळीपाळीने चालवणारा), ट्रान्सपोर्ट (लायब्ररीतला कनेक्शन हाताळणारा भाग) आणि कर्नलचा म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा सॉकेट (कनेक्शनचं टोक) या तिन्ही थरांतून जावंच लागतं. कागदपत्रं वाचून एवढी समज येत नाही.

पुढची बहुतेक उदाहरणं पायथनच्या असिंकआयओ या लायब्ररीतली आहेत, पण रस्टमधलं टोकिओ, जावास्क्रिप्टचं नोड किंवा गो भाषा वापरणाऱ्यांनाही ती ओळखीची वाटतील.

आधी ती हुकमी फेल करा

दुरुस्तीला हात घालण्याआधी टेस्ट तुमच्या मशीनवर, तुमच्या मर्जीने फेल झाली पाहिजे. जी टेस्ट शंभरात एकदा फेल होते, तिच्यावर केलेला उपाय लागू पडला की नाही हे कळायला मार्गच नसतो. दहा वेळा पास झाली म्हणून बरी झाली असं म्हणता येत नाही, कारण बदल करण्याआधीही ती दहा वेळा पास होतच होती.

सुरुवात सीआयच्या लॉगपासून करा. एकाच नाही, मिळतील तितक्या जुन्या लाल रनचे लॉग उघडा. दोन गोष्टी बघा: एररचे नेमके शब्द, आणि मॅट्रिक्समधला (प्लॅटफॉर्म आणि आवृत्त्यांच्या तक्त्यातला) कुठला चौकोन लाल आहे. 'कनेक्शन रिफ्यूज्ड', 'कनेक्शन रिसेट बाय पीअर', 'ॲड्रेस ऑलरेडी इन यूज' आणि साधा टाइमआउट हे चार वेगळे रोग आहेत. चौकोनही बरंच सांगून जातो. फक्त विंडोजवर लाल असेल तर टाइमर किंवा प्रोॲक्टर लूपकडे संशय जातो, कारण पायथन ३.८ पासून विंडोजवर डीफॉल्ट लूप तोच आहे. फक्त पायथन ३.१२ च्या खाली लाल असेल तर 'वेट फॉर' (मुदत लावून वाट पाहणारं फंक्शन) बघा, कारण त्या आवृत्तीत त्याची अंतर्रचना नव्याने लिहिली गेली आणि रद्द होण्याच्या वेळच्या काही जुन्या शर्यती (घटनांच्या क्रमावर अवलंबून असलेले दोष) तिथे मिटल्या.

मग ती एकच टेस्ट काहीशे वेळा लागोपाठ चालवा. तरीही फेल होत नसेल तर मशीनला सीआयइतकं गरीब करा. कंटेनरला अर्धाच कोर द्या, किंवा बाजूला उगाचच सगळे कोर व्यापून टाकणारा एखादा प्रोसेस चालू ठेवा. लिनक्सवर 'टीसी' कमांडच्या नेटएमने लूपबॅक इंटरफेसवर (मशीनच्या स्वतःशीच होणाऱ्या नेटवर्कवर) पन्नास मिलिसेकंदांचा उशीर घालता येतो. लूपबॅकवर जाणारं आणि येणारं पॅकेट दोन्ही त्याच इंटरफेसमधून बाहेर पडतात, म्हणून प्रत्यक्षात जाऊन-येऊन शंभर मिलिसेकंद लागतात. काम झालं की तो नियम आठवणीने काढा, नाहीतर मशीनवरचा लोकल डेटाबेसही दिवसभर रडत राहतो.

टेस्ट एकटी कधीच फेल होत नाही आणि पूर्ण संचाबरोबरच होते, असं दिसलं तर गुन्हेगार बहुधा शेजारची टेस्ट असते. एखाद्या टेस्टने सॉकेट किंवा टास्क बंद न करता सोडून दिलं, तर त्याची वॉर्निंग गार्बेज कलेक्टर (न लागणारी मेमरी परत घेणारा) चालेल तेव्हा येते. त्या क्षणी जी टेस्ट चालू असेल तिच्या नावावर ती फुटते. वॉर्निंगला एरर मानणाऱ्या प्रोजेक्टांत अशा निरपराध टेस्ट वर्षानुवर्षं बदनाम झालेल्या असतात. पायथन 'डेव्ह' मोडमध्ये चालवा आणि ट्रेसमॅलॉक (मेमरी कुठल्या ओळीवर घेतली ते नोंदवणारं साधन) सुरू ठेवा. सॉकेट कुठल्या ओळीवर जन्माला आला ते वॉर्निंगमध्येच छापून येतं, आणि मग शोधायला फारसं काही उरत नाही.

यानंतरची युक्ती सगळ्यांत उपयोगी. संशयित जागी मुद्दाम स्लीप घाला. स्लीप दुरुस्ती म्हणून वाईट आहे, पण निदानासाठी त्याच्याइतकं चांगलं हत्यार नाही. दोन घटनांमधली फट काही मायक्रोसेकंदांची असते. तिथे पाव सेकंद घातला की ती फट सताड उघडते. तिथे स्लीप घातल्यावर टेस्ट दर वेळी फेल झाली, तर शर्यत सापडली. काहीच फरक पडला नाही, तर तो संशय खोडा आणि पुढच्या जागी जा. एका वेळी एकच स्लीप, आणि ते कमिटमध्ये जाऊ द्यायचे नाहीत.

'कनेक्शन रिफ्यूज्ड' आणि 'ॲड्रेस ऑलरेडी इन यूज'

पोर्टचा घोळ सर्वांत जास्त आढळतो आणि सर्वांत लवकर सुटतो. ८०८० सारखा ठरलेला पोर्ट टेस्टमध्ये लिहिलेला असेल तर दोन टेस्ट समांतर चालल्या की भांडण ठरलेलं. ते टाळायला अनेक प्रोजेक्ट 'मोकळा पोर्ट शोधून दे' असं एक फंक्शन लिहितात. ते शून्य पोर्टवर (म्हणजे 'कर्नल देईल तो पोर्ट') बाइंड करतं, कर्नलने दिलेला आकडा वाचतं, सॉकेट बंद करतं आणि आकडा परत देतं. सॉकेट बंद केल्यापासून सर्व्हर तोच पोर्ट घेईपर्यंत तो कुणाचाच नसतो. लिनक्स बाहेर जाणाऱ्या कनेक्शनांनाही डीफॉल्टने ३२७६८ ते ६०९९९ याच पट्ट्यातले पोर्ट वाटतं, त्यामुळे शेजारची टेस्ट तो मधल्यामध्ये उचलू शकते. उपाय सरळ आहे: सर्व्हरलाच शून्य पोर्टवर बाइंड करू द्या आणि मिळालेला आकडा त्याच्या सॉकेटला विचारा.

हे केल्यावरही एक खड्डा उरतो. सर्व्हर 'लोकलहोस्ट' या नावावर, शून्य पोर्टने सुरू केला तर त्या नावाचे दोन पत्ते निघतात, आयपीव्ही४ चा १२७.०.०.१ आणि आयपीव्ही६ चा. असिंकआयओ दोन्हींसाठी वेगळे सॉकेट उघडतं, आणि दोघांना मिळणारा पोर्ट वेगवेगळा असतो. असिंकआयओच्या अधिकृत कागदपत्रांत हे स्पष्ट लिहिलेलं आहे, पण तिथवर फार कमी लोक वाचतात. टेस्ट मात्र यादीतला पहिला सॉकेट उचलून त्याचा पोर्ट घेते आणि १२७.०.०.१ ला जोडायला जाते. पहिला सॉकेट आयपीव्ही४ चा निघाला तर सगळं छान. आयपीव्ही६ चा निघाला तर त्या पोर्टवर आयपीव्ही४ वर कुणी ऐकतच नसतं, आणि कनेक्शन नाकारलं जातं. यादीतल्या क्रमाची हमी कुणीच दिलेली नाही. आयपीव्ही६ बंद असलेल्या कंटेनरमध्ये एकच सॉकेट उघडतो, म्हणून तिथे टेस्ट कधीच फेल होत नाही, आणि 'माझ्याकडे तर चालतंय' हा वाद रंगतो. टेस्टमध्ये नाव वापरू नका, पत्ता लिहा: १२७.०.०.१. आयपीव्ही६ साठी वेगळी टेस्ट लिहा आणि मशीनवर ते नसेल तर ती वगळा.

सर्व्हर वेगळ्या थ्रेडमध्ये किंवा प्रोसेसमध्ये सुरू होत असेल तर 'तो उठेपर्यंत थांब' म्हणून स्लीप घातलेला दिसतो. त्याची गरज नाही. मूळ टेस्टनेच सॉकेट बाइंड करून लिसन करावा आणि तयार सॉकेट सर्व्हरच्या हातात द्यावा. लिसन झाल्या क्षणापासून कर्नल कनेक्शन रांगेत घेतं. सर्व्हरने ॲक्सेप्ट करायला वेळ लावला तरी क्लायंटला नकार मिळत नाही.

'कनेक्शन रिसेट बाय पीअर': इथे थांबून बघा

या एररकडे 'नेटवर्क आहे, होतं कधीकधी' म्हणून दुर्लक्ष केलं जातं. पण लूपबॅकवर नेटवर्क नावाची वायर नसते. रिसेट, म्हणजे कनेक्शन तडक तोडणारं पॅकेट, आला म्हणजे कुणाच्या तरी कर्नलने तो जाणूनबुजून पाठवला. कुणी आणि का, याचं उत्तर नेहमी मिळतं.

एचटीटीपी लायब्ररींत पुन्हा पुन्हा सापडणारं एक प्रकरण जवळून बघू. टेस्टचं नाव साधारण 'फार मोठी बॉडी पाठवली तर ४१३ मिळायला हवं' असं असतं. ४१३ म्हणजे 'बॉडी फार मोठी आहे' सांगणारा एचटीटीपी कोड. क्लायंट हेडर पाठवतो आणि दहा मेगाबाइटची बॉडी ढकलायला लागतो. सर्व्हर हेडर वाचतो, बॉडी मर्यादेबाहेर आहे हे ओळखतो, ४१३ चं उत्तर लिहितो आणि कनेक्शन बंद करतो. कागदावर सगळं बरोबर. सीआयवर मात्र अधूनमधून क्लायंटला ४१३ ऐवजी रिसेट मिळतो.

सर्व्हरच्या बाजूने बघा. त्याने क्लोज केलं तेव्हा त्याच्या रिसीव्ह बफरमध्ये बॉडीचे न वाचलेले बाइट पडून होते. न वाचलेला डेटा असताना सॉकेट बंद केला तर लिनक्स कनेक्शन शांतपणे संपवणारं नेहमीचं फिन पॅकेट पाठवत नाही, थेट रिसेट पाठवतं. 'तू पाठवलेलं मी वाचलं नाही आणि वाचणारही नाही' हे समोरच्याला कळावं हाच त्यामागचा हेतू. क्लोजच्या क्षणी बफर रिकामा असला तरी क्लायंटकडून बाइट येतच असतात, आणि बंद सॉकेटवर पोचलेल्या बाइटांना उत्तर म्हणूनही रिसेटच जातो.

आता क्लायंटच्या बाजूला या. ४१३ चं उत्तर बहुतेक वेळा त्याच्या कर्नलपर्यंत पोचलेलं असतं, फक्त लायब्ररीने ते अजून वाचलेलं नसतं. तेवढ्यात लायब्ररी बॉडीचा पुढचा तुकडा लिहायला जाते. असिंकआयओच्या सिलेक्टर ट्रान्सपोर्टमध्ये बफर रिकामा असेल तर 'राइट' लगेच सॉकेटवर सेंड करून बघतं. रिसेट आधीच आलेला असल्यामुळे सेंड फसतं. ट्रान्सपोर्ट ही प्राणघातक चूक मानतं, रीडर काढून टाकतं आणि कनेक्शन गेल्याचं कळवतं. उत्तर हाताशी आलेलं असताना न वाचताच फेकलं गेलं. लॅपटॉपवर लूपची पुढची फेरी लवकर येते आणि वाचन आधी होतं. सीआयवर लिखाण आधी होतं. एवढाच सगळा फरक. क्लायंटमध्ये दोन तुकड्यांच्या मध्ये पाव सेकंदाचा स्लीप घाला, पण तो लूप अडवणारा, ब्लॉकिंग स्लीप असू द्या, म्हणजे वाचनाला संधीच मिळणार नाही. सर्व्हर वेगळ्या थ्रेडमध्ये किंवा प्रोसेसमध्ये असेल तर टेस्ट दर वेळी पडेल. त्याच वेळी टीसीपीडम्प या पॅकेट दाखवणाऱ्या साधनाने लूपबॅक बघितला तर सर्व्हरच्या पोर्टवरून निघालेला रिसेटचा फ्लॅग डोळ्यांना दिसतो.

हा दोष टेस्टचा नाही. मोठी फाइल अपलोड करणाऱ्या वापरकर्त्याला 'फाइल फार मोठी आहे' असं कळण्याऐवजी 'कनेक्शन तुटलं' असं कळतं, तो पुन्हा प्रयत्न करतो, पुन्हा तेच. दुरुस्ती दोन्ही टोकांना लागते. सर्व्हरने उत्तर लिहिल्यावर फक्त स्वतःची लिहायची बाजू बंद करावी, येणारी बॉडी ठरावीक वेळ आणि ठरावीक मर्यादेपर्यंत वाचून टाकून द्यावी आणि मग पूर्ण बंद करावं. एचटीटीपी १.१ च्या २०२२ च्या आरएफसी ९११२ या मानकात कनेक्शन बंद करण्याची हीच पद्धत सांगितली आहे. एनजिनएक्स या वेब सर्व्हरमध्ये हेच लिंगरिंग क्लोज या नावाने आहे, आणि तिथे डीफॉल्टने एकूण ३० सेकंद आणि दोन वाचनांमध्ये ५ सेकंद अशी सीमा आहे. सीमा विसरू नका. नाहीतर मुद्दाम हळूहळू बाइट पाठवणारा क्लायंट तुमचं कनेक्शन अडवून बसेल. क्लायंटनेही लिखाण फसल्याबरोबर हात टेकू नयेत. आधी उत्तर आलंय का ते वाचून बघावं. बॉडी पाठवत असताना एररच्या उत्तरावर नजर ठेवावी, असं तोच आरएफसी क्लायंटला सांगतो.

टेस्टही बदला. क्लायंट हेडर आणि बॉडीचा थोडा भाग पाठवेल. सर्व्हरच्या हँडलरने उत्तर लिहून काम संपवलं की तो एक इव्हेंट सेट करेल. त्या इव्हेंटची वाट पाहूनच क्लायंट उरलेली बॉडी लिहील आणि मग उत्तर वाचेल. आता वाईट क्रमच ठरवून घडतो. जुन्या कोडवर टेस्ट नेहमी फेल, नव्या कोडवर नेहमी पास. सगळ्याच लहरी टेस्टना शेवटी या अवस्थेला आणायचं असतं.

रिसेटचा दुसरा नेहमीचा उगम कनेक्शन पूलमध्ये (पुन्हा वापरायला जपून ठेवलेल्या कनेक्शनांत) असतो. सर्व्हर रिकामं कनेक्शन काही सेकंदांनी बंद करतो. अपाचे आणि नोडच्या एचटीटीपी सर्व्हरमध्ये डीफॉल्ट ५ सेकंद आहे. क्लायंटचा पूल ते कनेक्शन त्याहून जास्त वेळ जपून ठेवत असेल, तर सर्व्हर ते बंद करत असतानाच क्लायंट त्याच्यावर नवी रिक्वेस्ट पाठवतो. क्लायंटची मुदत सर्व्हरपेक्षा कमी ठेवली तर फट अरुंद होते, पूर्ण बुजत नाही. खरी दुरुस्ती पुन्हा पाठवण्याच्या नियमात आहे. कनेक्शन पूलमधून घेतलेलं असेल, उत्तराचा एकही बाइट आलेला नसेल आणि मेथड आयडेम्पोटंट (पुन्हा केली तरी परिणाम तोच राहणारी) असेल, जसं गेट किंवा पुट, तरच नव्या कनेक्शनवर गुपचूप पुन्हा पाठवावं. पोस्ट आपल्या मनाने पुन्हा पाठवू नये, पहिली रिक्वेस्ट सर्व्हरने अमलात आणली असण्याची शक्यता उरते. गो भाषेची स्टँडर्ड लायब्ररी अशाच धर्तीवर वागते. तुमच्या प्रोजेक्टमध्ये हा नियम नसेल तर तो आणणं हे भरीव योगदान ठरेल.

असिंकचे स्वतःचे रोग

टेस्ट टाइमआउटने मरते, आणि टास्क अर्ध्यावर नाहीसं झाल्यासारखं दिसतं. असिंकआयओचा लूप टास्कचा फक्त कमकुवत संदर्भ ठेवतो. 'क्रिएट टास्क' करून परतावा कुठेच ठेवला नाही, तर गार्बेज कलेक्टर ते टास्क मधूनच उचलू शकतो. कधी उचलेल ते मेमरीच्या हालचालीवर अवलंबून, म्हणून लहरी. संदर्भ एखाद्या सेटमध्ये धरून ठेवा, किंवा पायथन ३.११ पासून मिळणारा टास्कग्रुप वापरा. टास्कग्रुप बरा, कारण मुलं संपल्याशिवाय आई पुढे जात नाही आणि एररही हरवत नाही.

रद्द होणं गिळलं जातं. पायथन ३.८ पासून कॅन्सल्ड एरर हा साध्या एक्सेप्शनचा वारस राहिला नाही, त्यामुळे सरसकट एक्सेप्शन पकडणारे जुने ब्लॉक आता त्याला अडवत नाहीत. पण नुसता उघडा एक्सेप्ट अजूनही अडवतो. कोडमध्ये तो शोधा, आणि फायनली ब्लॉकमध्ये अवेट करणाऱ्या जागाही बघा. तिथे दुसऱ्यांदा रद्द झालं तर उरलेली साफसफाई होत नाही आणि सॉकेट उघडा राहतो.

एका राइटला एक रीड मिळेल हे गृहीतक. टीसीपी बाइटांचा प्रवाह आहे, निरोपांच्या सीमा तो जपत नाही. लूपबॅकचा एमटीयू (एका पॅकेटची कमाल लांबी) लिनक्सवर ६५५३६ बाइट असल्यामुळे छोटे निरोप सहसा अखंड पोचतात आणि सवय बिघडते. नेमके जितके बाइट हवेत तितके वाचणारं किंवा ठरावीक खुणेपर्यंत वाचणारं फंक्शन वापरा. पार्सरची टेस्ट तर एकेक बाइट भरवूनच करावी. एवढ्या एका टेस्टने कितीतरी पार्सरांतले दोष उघडे पडतात.

'राइट केलं म्हणजे गेलं' आणि 'क्लोज केलं म्हणजे बंद झालं' हीदेखील गृहीतकंच. ड्रेन (बफर रिकामा होण्याची वाट पाहणारं फंक्शन) फक्त बफर वरच्या खुणेपलीकडे गेला तरच थांबतं, एरवी लगेच परततं. क्लोजनंतर कनेक्शन गेल्याचा कॉलबॅक लूपच्या पुढच्या फेरीत येतो. ट्रान्सपोर्ट खरोखर बंद होईपर्यंत थांबणारं 'वेट क्लोज्ड' त्यासाठीच आहे. समोरच्या बाजूने बंद झाल्याचं पाहायचं असेल तर समोरच्या बाजूलाच इव्हेंटने विचारा.

टाइमर. 'शंभर मिलिसेकंद थांबलो, म्हणजे निदान शंभर गेलेच असतील' ही तपासणी विंडोजवर पडते. असिंकआयओचा लूप घड्याळाच्या रिझोल्यूशनइतका आधी टाइमर वाजवू शकतो, आणि पायथन ३.१३ च्या आधी विंडोजवरचं ते घड्याळ सुमारे १५.६ मिलिसेकंदांच्या पावलांनी पुढे सरकत असे. खालची मर्यादा रिझोल्यूशनइतकी सैल करा. वरची मर्यादा तर तपासूच नका. व्यस्त मशीनवर ती कधीही मोडेल.

आणि कुणीतरी लूप अडवलेला असणं. असिंकआयओचा डीबग मोड सुरू केला की शंभर मिलिसेकंदांहून जास्त वेळ खाणारा कॉलबॅक लॉगमध्ये येतो. नावाचं रूपांतर पत्त्यात करणारा ब्लॉकिंग कॉल, सर्टिफिकेटच्या फाइली वाचणं, मोठा जेसन उलगडणं, हेच बहुधा सापडतं.

स्लीपच्या जागी काय

जिथे वाट पाहायची आहे तिथे कशाची ते लिहा. इव्हेंट, फ्यूचर, क्यू, काहीही चालेल, पण घटनेला नाव हवं. ट्रायो आणि एनीआयओ या पायथनच्या असिंक लायब्ररींच्या टेस्टिंग साधनांत 'सगळी टास्क अडकून बसेपर्यंत थांब' असं फंक्शन आहे. 'वाचक वाट बघत बसला की मगच लिहायचं' अशा टेस्टना ते चपखल बसतं. टाइमआउटची टेस्ट करायची असेल तर खोटं घड्याळ वापरा. ट्विस्टेडमध्ये हाताने पुढे सरकवायचं घड्याळ फार जुन्या काळापासून आहे, ट्रायोत मॉक क्लॉक आहे, टोकिओत वेळ गोठवता येते, आणि गोमध्ये १.२५ या २०२५ च्या आवृत्तीपासून सिंकटेस्ट पॅकेज स्टँडर्ड लायब्ररीत आलं आहे. तीस सेकंदांच्या टाइमआउटची टेस्ट मिलिसेकंदांत संपते.

एक सावधगिरी मात्र बाळगा. खोटं घड्याळ आणि खरा सॉकेट एकत्र आणू नका. टोकिओत वेळ गोठवलेली असताना सगळी टास्क वाट बघत असली की घड्याळ आपोआप पुढच्या टाइमरवर उडी मारतं. कर्नलमधून बाइट यायचे आहेत हे त्याला माहीत नसतं, म्हणून टाइमआउट आधी वाजतो आणि तुम्ही एका लहरी टेस्टच्या जागी दुसरी आणून ठेवता. अशा टेस्टमध्ये सॉकेटऐवजी मेमरीतला प्रवाह वापरा. प्रोटोकॉलचा कोड आयओपासून वेगळा ठेवणाऱ्या प्रोजेक्टांत हे सहज जमतं. पायथनमधली एच११ ही लायब्ररी याचा नमुना आहे: तिला बाइट द्यायचे आणि तिच्याकडून घटना घ्यायच्या, सॉकेटशी तिचा संबंधच येत नाही.

पॅच पाठवताना

पहिल्या कमिटमध्ये हुकमी फेल होणारी टेस्ट, दुसऱ्यात दुरुस्ती. मेंटेनरला पहिली कमिट चालवून दोष स्वतः बघता आला की पुढची चर्चा निम्म्यावर येते. वर्णनात एवढं लिहा: कुठला क्रम गृहीत धरला होता, कुणी धरला होता, तो कधी मोडतो, आणि पुन्हा घडवून आणायची नेमकी कमांड. तुम्ही किती वेळा चालवून पाहिलं आणि कुठल्या प्लॅटफॉर्मवर, तेही सांगा. त्याच पुल रिक्वेस्टमध्ये कोड नीटनेटका करण्याचा मोह आवरा. वाचणाऱ्याला शर्यतीचा तर्क डोक्यात धरायचा असतो. नावं बदललेल्या दोनशे ओळी मध्ये आल्या की तो तुटतो. चेंजलॉगमध्ये नोंद कशी करायची ते प्रोजेक्टचे नियम बघून ठरवा. कारण लायब्ररीत नसून भाषेच्या रनटाइममध्ये आहे असं निघालं, तर लायब्ररीचं नावही न येणारा तीसेक ओळींचा प्रोग्रॅम करून तो तिकडे द्या. लायब्ररीत तात्पुरता तोडगा घालायचा असेल तर तिथे कॉमेंटमध्ये त्या इश्यूचा क्रमांक लिहा, म्हणजे तो कधी काढता येईल हे पुढच्याला कळेल.

'फेल झाली तर पुन्हा चालव' हा शिक्का त्याच पुल रिक्वेस्टमध्ये उतरवा. तो राहिला तर दोष परत आला तरी कुणाला दिसणार नाही. आणि टेस्ट लटकली तर तिने मरताना काहीतरी सांगावं याची सोय करून ठेवा: टाइमआउट झाला की चालू असलेली सगळी टास्क आणि ती कुठल्या ओळीवर थांबली आहेत ते छापायचं, थ्रेड असतील तर पायथनच्या फॉल्टहँडलर मॉड्यूलने त्यांचेही स्टॅक. इश्यू लगेच बंद करू नका, सीआयचे पुढचे काही आठवडे जाऊ द्या. त्या काळात पुन्हा लाल दिसलं तर तो स्टॅक जसाच्या तसा इश्यूत चिकटवा. शर्यत तीच आहे की दुसरी, हे त्यावरून ठरवता येतं.